आवक क्रमांक नसलेला कागद

बाबांच्या ऑफिसात टपाल आलं की ते आधी हेडक्लार्कच्या टेबलावर जायचं. तो पाकीट फोडायचा, आवक रजिस्टरात नोंद करायचा, कागदावर शिक्का मारून क्रमांक टाकायचा आणि मग ते बाबांकडे पाठवायचा. ही रीत होती. पण साताऱ्याच्या त्या ऑफिसात बाबांच्या आधी ते पत्र ठेकेदारांना पाठ झालेलं असायचं. पुण्याहून कुठल्या कामाची तपासणी लागली हे एखादा ठेकेदारच घरी येऊन हसत हसत सांगायचा, आणि दोन दिवसांनी त्या तपासणीचं पत्र बाबांच्या टेबलावर यायचं.

बाबा उपविभागाचे अभियंता होते. छोटे तलाव, बंधारे अशी कामं त्यांच्याकडे, आणि भाग पार माण तालुक्यापर्यंत. रहिमतपूरच्या बाजूला आमचं गाव. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाबा पाळण्यात होते, आणि आमच्या घरातले शाळेच्या पुढे शिकलेले ते पहिले. सहीखाली चुकीचा कागद जाऊ नये याची त्यांना कायम धास्ती असायची. स्वतःच्या रजेचा अर्जसुद्धा ते तीनदा वाचत. लोक आपली चूक शोधत बसलेत असं त्यांना वाटायचं, आणि ते अगदीच खोटं होतं असंही नाही.

मी कॉलेजला गेले त्या वर्षी बाबांनी माझ्यासाठी कॉम्प्युटर घेतला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. फोनच्या वायरीवर इंटरनेट लागायचं, आणि ते चालू असलं की घरी कुणाचा फोन येऊ शकायचा नाही. मी माझ्या नावानं एक फुकटातलं ई-मेल खातं उघडलं. मैत्रिणींपैकी कुणाकडेच मेल नव्हता, त्यामुळे त्यात यायचं काहीच नाही. पुण्यातल्या वरिष्ठांच्या ऑफिसात तेव्हा नुकतीच मेलची सोय झाली होती आणि अहवाल लवकर हवे म्हणून ते सगळ्यांचे पत्ते मागत होते. बाबांच्या ऑफिसात कॉम्प्युटर नव्हता. बाबांनी माझा पत्ता दिला. तात्पुरता, असं म्हणाले.

मग त्यांच्या लक्षात आलं की या रस्त्यानं आलेलं पत्र हेडक्लार्कला दिसत नाही. ठेकेदारांनी सांगायच्या आत ते त्यांना कळतं. महिनाभरात हाताखालच्या दोन-तीन विश्वासातल्या माणसांनाही त्यांनी तो पत्ता दिला. संध्याकाळी चहा झाला की मी कॉम्प्युटर लावायची, मेल वाचून दाखवायची, बाबा उत्तर सांगायचे आणि मी टाइप करायची. त्यांनी कधी माऊसला हात लावला नाही. मला या कामाचा अभिमान वाटायचा. पाठवलेल्या उत्तराची प्रत ठेवायची का, असं ते खातं दर वेळी विचारायचं आणि मी दर वेळी हो म्हणायची.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात माणच्या बाजूला कधी नव्हे तो पाऊस झाला. तिथल्या एका गावाजवळ वर्षभरापूर्वीच बाबांच्या देखरेखीखाली मातीचा बांध घालून तलाव केला होता, आणि तो पहिल्यांदाच भरत होता. त्या कामावर एक कनिष्ठ अभियंता होते. तिशीचे असतील. त्याच तालुक्यातले, शेतकऱ्याच्या घरचे, भाऊ लष्करात. दर शनिवारी ते फलटणला यायचे आणि तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या खात्यावरून बाबांना मेल पाठवायचे. तेव्हा मेलमध्ये मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहिलेला असायचा. वाचताना मी अडखळायची.

त्या शनिवारी त्यांचा मेल मोठा होता. पाण्याची पातळी, जादा पाणी सोडायचा सांडवा, मग बांधाच्या पायथ्याचं काहीतरी. पायथ्याशी पाणी झिरपतंय असं वाचून मी पुढच्या शब्दावर अडले आणि "गधुल" असं म्हणाले.

"गढूळ," बाबा म्हणाले.

मी विचारलं, गढूळ असलं तर काय होतं? ते म्हणाले, मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच. निवळ असेल तर काळजी नाही. गढूळ असेल तर ते आतली माती घेऊन येतंय. एवढं सांगून ते उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. त्या कामाच्या शेवटच्या बिलावरून ठेकेदाराशी आधीच वाद चालू होता. लेखी काही आलं की हेडक्लार्क ते संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पोचवणार, गावात बोभाटा होणार, आणि वर पहिला प्रश्न बाबांनाच विचारला जाणार. हे सगळं त्यांनी मला सांगितलं नाही, पण गेल्या वर्षभरात त्यांचे मेल वाचून मला ते कळण्याइतकं माहीत होतं. त्यांनी उत्तर सांगितलं आणि मी लिहिलं: पत्र मिळालं. याबाबत ऑफिसला लेखी काही पाठवू नका. सोमवारी मी स्वतः येऊन पाहतो, मग ठरवू.

सोमवारी जीप मिळाली नाही. कुठल्यातरी मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी ती मागून घेतली होती. मंगळवारीही नाही. बुधवारी बाबा एसटीनं निघणार होते, पण पुण्याला बैठक लागली. गुरुवारी दुपारी बांध फुटला.

माणसं वाचली, कारण दिवसाउजेडी झालं आणि पाण्याचा आवाज आधी ऐकू आला. खालच्या अंगाला एका धनगर कुटुंबाची मेंढरं ओढ्याकाठी चरत होती. ती गेली. काही घरं, विहिरी आणि ज्वारीची पेरलेली रानं गाळाखाली गेली. बाबा त्या रात्री तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा त्यांच्या बुटात चिखल भरलेला होता, आणि ते बूट काढायचं विसरून थेट आत येऊन बसले. मेलबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

चौकशी लागली. ती सरकारी चालीनं पुढे सरकत राहिली आणि पुढच्या जूनमध्ये बाबांची सांगलीला बदली झाली. नेहमीची बदली. विश्रामबागेत आम्ही भाड्यानं घर घेतलं. फोन यायला वेळ होता, म्हणून कॉम्प्युटर खोक्यातच राहिला. मी तिथल्या कॉलेजात दाखल झाले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी ते कनिष्ठ अभियंता आमच्या दारात उभे राहिले. मी त्यांना आधी एकदाच पाहिलं होतं, पण ते इतके वाळले होते की नाव सांगितल्यावर ओळख पटली. त्यांना निलंबित केलं होतं. दोषारोप असा, की पाझर दिसत असताना त्यांनी वरिष्ठांना कळवलं नाही. त्यांनी बाबांच्या जुन्या ऑफिसकडे अर्ज केला होता, की आपल्या त्या पत्राची नक्कल मिळावी. उत्तर आलं: असे पत्र कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. ते खरंच होतं. माहिती मागायचा कायदा तेव्हा नव्हता. नकलेसाठी अर्ज करायचा, आणि ऑफिसनं नाही म्हटलं की विषय संपला. फलटणच्या क्लासनं ते खातं कधीच रिकामं केलं होतं.

"साहेब, तुमी एवढं लिहून द्या," ते बाबांना म्हणाले, "की मी कळवलं हुतं. बाकी मी काय मागत न्हाई."

बाबांनी चहा सांगितला. मग सावकाश, शब्द जुळवत म्हणाले, की ते खासगी खातं होतं. तो सरकारी पत्रव्यवहार धरता येत नाही. "आणि खातं माझ्या नावावरही नाही," ते म्हणाले.

"मग कुणाच्या?"

बाबा माझ्याकडे बघायचं टाळत होते, त्यामुळे अभियंता माझ्याकडे बघायला लागले. मी दारात कपबशा घेऊन उभी होते.

"ताई, तुमीच वाचत हुता व्हय?" ते म्हणाले.

मी कपबशा टेबलावर ठेवल्या. चहा तसाच ठेवून ते उठले, पायात चपला घालताना बाबांना वाकून नमस्कार केला आणि गेले. त्या नमस्काराचा मला राग आला. कुणाचा, ते कळत नव्हतं.

ते गेल्यावर बाबा मला म्हणाले, "ते खातं एव्हाना बंद झालं असेल." बंद व्हायला साठ दिवस लागत. तेवढे दिवस कुणी उघडलं नाही, तर खातं आतल्या सगळ्या पत्रांसकट जायचं. हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. साताऱ्याचा फोन कापला त्या दिवसापासून मी बोटांवर मोजलं. त्रेपन्न होत होते, का छप्पन्न, नक्की लागेना.

दुसऱ्या दिवशी पहिला तास बुडवून मी बसस्टँडजवळच्या एका इंटरनेटच्या दुकानात गेले. तिथे प्लायवूडच्या आडोशाचे तीन कॉम्प्युटर होते. फोन लागत नव्हता, दुकानदार पुन्हापुन्हा लावत होता. लागला तेव्हा पान अर्धं उघडून अडकलं. मी पासवर्ड चुकवला. दुसऱ्यांदा खातं उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. त्यांचा मेल, आणि त्याच्या खाली बाबांचं उत्तर. लेखी काही पाठवू नका. ते वाक्य मीच टाइप केलं होतं, पण पडद्यावर ते मला पहिल्यांदा दिसल्यासारखं वाटलं.

मी दोन्हींची छपाई मागितली. दुकानदाराचा प्रिंटर करकर आवाज करत एकेक ओळ छापत होता आणि तो माणूस कागदावर हात ठेवून उभा होता. तो वाचतोय की नुसता बघतोय हे मला कळेना. कागद हातात आल्यावर मी ते अकाउंटन्सीच्या पुस्तकात घातले.

आठ दिवस ते तिथेच होते. मी त्या अभियंत्यांचा पत्ता शोधला, पाकीट आणलं, त्यावर पत्ताही लिहिला. ते पाकीट आईच्या हाती लागलं. आई फारशी शिकलेली नव्हती, पण पत्त्यावरचं आडनाव तिनं वाचलं आणि आत काय असणार ते ओळखलं. ती ओरडली नाही. म्हणाली, "आदी त्यास्नी दाखव. बापाच्या मागनं काय करू नगंस. मग तुला पाठवायचं तर पाठव."

संध्याकाळी मी ते कागद बाबांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला आणि नेहमीसारखं तीनदा वाचलं. मग विचारलं, आणखी कुठे प्रत आहे? मी म्हटलं, खात्यात आहे.

"पासवर्ड काय आहे?"

इतके दिवस ते खातं वापरून त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. बाबांनी आवाज चढवला नाही, पुन्हा तेच विचारलं. मी सांगितला. तो माझ्या आजीच्या नावाचा होता, म्हणजे त्यांच्या आईच्या. त्यांनी तो वहीच्या कोपऱ्यावर लिहून घेतला, कागदांची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. पाकीट टेबलावरच राहिलं. मी काही पाठवलं नाही. पाठवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. खात्यातून पुन्हा छापता आलं असतं, पण उघडून बघायची माझी हिंमत होत नव्हती. पंधरा दिवसांत घरी फोन लागला, कॉम्प्युटर खोक्यातून बाहेर निघाला, तरी मी त्याच्यापुढे बसायचं टाळत होते.

दिवाळीनंतर माझ्या नावानं सरकारी पाकीट आलं. त्या अभियंत्यांनी आपल्या बचावाच्या साक्षीदारांत 'खातेधारक' म्हणून माझं नाव दिलं होतं. साताऱ्याला चौकशीसाठी हजर राहायचं होतं. बाबांनाही तसंच पत्र होतं. आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं निघालो. मला वाटत होतं, बाबा आता सांगतील काय बोलायचं ते. इस्लामपूर गेलं, कराड गेलं. ते खिडकीबाहेर बघत होते. उंब्रजच्या पुढे त्यांनी एवढंच विचारलं, की तू काही खाल्लंस का.

चौकशी अधिकारी निवृत्तीला आलेले, बाबांच्याच पाटबंधारे खात्यात जन्म घालवलेले अभियंता होते. मी कॉलेजातली मुलगी, म्हणून त्यांनी बाबांना मागच्या बाकावर बसू दिलं. एका बाजूला ते निलंबित अभियंता बसले होते, मांडीवर फाइल. खात्याची बाजू मांडणारे एक साहेब होते. त्यांनीच सुरुवात केली. खातं माझं का, विचारलं. मी हो म्हणाले. मग त्यातला मजकूर तुमचा खासगी, असं ते म्हणाले आणि लिहून घ्यायला लागले.

"मला सांडवा म्हणजे काय ते माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मला कोण कशाला लिहील? बाबांची पत्रं यायची."

चौकशी अधिकाऱ्यांनी मान वर केली. त्यांनी स्वतः विचारलं, की त्या शनिवारच्या मेलमध्ये काय होतं, आठवतं तसं सांगा. मी सांगितलं. पाण्याची पातळी, मग पायथ्याला पाणी झिरपतंय, आणि ते गढूळ आहे.

त्यांचं पेन थांबलं. "गढूळ? नक्की हाच शब्द होता?"

"हो. मी चुकीचा वाचला होता, बाबांनी सुधारून सांगितला."

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. बाबांनी ऐकलं होतं, त्यांना समजलं होतं, हे मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं. पुढचा प्रश्न यायचाच होता, आणि तो आला: उत्तर दिलं होतं का? मी मागे वळले. इकडे बघा, असं खात्याचे साहेब म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते मेल खात्यात आहेत की नाहीत हेही मला माहीत नव्हतं. प्रश्न पुन्हा विचारला गेला.

"साहेब, उत्तर मी सांगितलं होतं," मागून बाबांचा आवाज आला. "तिनं फक्त टाइप केलं."

ते उठून पुढे आले आणि खिशातून कागद काढला. घडीवर तो झिजला होता. खात्याच्या साहेबांनी हरकत घेतली, की यावर आवक क्रमांक नाही, शिक्का नाही, हा अभिलेख होत नाही, दाखल करता येणार नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी दोन्ही पानं वाचली. मग बाबांना म्हणाले, "खाली लिहा, की हे तुम्हाला मिळालं होतं आणि हे उत्तर तुमचं आहे. सही करा, तारीख घाला."

बाबांनी लिहिलं. वाचलं. सही केली. त्या दिवशी त्यांनी तो मजकूर एकदाच वाचला.

बाहेर व्हरांड्यात ते अभियंता उभे होते. मला वाटलं ते आभार मानतील. बाबा त्यांच्यापाशी थांबले, आणि तसेच जिना उतरून गेले. ते अभियंता माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, ह्यो कागद सायबांच्या खिशात हुता. तवर माझी पोरं शाळंत काय काय ऐकत हुती." आवाजात राग नव्हता.

निकालाला आणखी वर्ष गेलं. ते अभियंता कामावर परत रुजू झाले, ताकीद मिळून. बाबांच्या वेतनवाढी थांबल्या आणि हाताशी आलेली बढती गेली. त्याच पदावरून ते निवृत्त झाले. गावाला मिळायची ती भरपाई कधी मिळाली, पुरी मिळाली का, मला माहीत नाही. आमच्या घरात कुणी ते विचारलं नाही, ही गोष्ट मला आता जास्त लागते.

साताऱ्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी ते खातं उघडलं होतं. बाकी सगळं होतं, ती दोन पत्रं नव्हती. मी आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "फोन आला न्हवं का, त्याच आठवड्यात. तू कालेजात गेल्यालीस. दोन तास बसलं हुतं त्याच्यापुढं, एका बोटानं." म्हणजे त्यांनी ती पुसली होती. आणि कागद मात्र फाडला नव्हता. दोन महिने रोज शर्ट बदलताना तो एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवत राहिले होते. कशासाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं असतं असं वाटत नाही.

बाबा गेले तेव्हा त्यांच्या खात्यातली बरीच जुनी माणसं सांगलीला आली होती. त्यांतले एक जण लोकांना सांगत होते, की असा अधिकारी होणे नाही, स्वतःविरुद्धचा कागद यांनी आपण होऊन काढून दिला. ऐकणाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. ते सांगत होते त्यात खोटं काही नव्हतं. मी मान हलवली आणि आत आईजवळ जाऊन बसले.